दमाचा भाव

“खेळून का कुणाचं पोट भरलंय?” हा प्रश्न ऐकल्यावाचून आपल्या मध्यमवर्गीय घरांत एखादे तरी मूल मोठे झाले असेल काय? विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांचे तरी काय चुकत होते म्हणा! हुतुतू हा बिनपैशांचा खेळ. चेंडू नको, फळी नको. वेल्ह्याच्या पासलीपासून कोल्हापूरकडच्या चंदगडपर्यंत, सह्याद्रीतल्या कुठल्याही गावी चार रेघा ओढल्या की मैदान तयार! 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो युरोपला दाखवला. 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत भारताने त्यात सुवर्णपदक पटकावले. पण खेळाडूची मजल बहुधा रेल्वेतल्या, बँकेतल्या नाहीतर पोलिसांतल्या नोकरीपर्यंतच!

दूरच्या वेल्समध्येही हीच रड होती. कोळशाच्या खाणीत राबून रग्बी खेळणारा धिप्पाड गडी पैशांसाठी उत्तर इंग्लंड गाठी आणि रग्बीचा ‘लीग’ हा दुसरा प्रकार खेळू लागे. कारण त्याच्या घरच्या ‘युनियन’ रग्बीत 1995 पर्यंत खेळाचा मोबदला घेण्यास बंदी होती. आपल्या कबड्डीच्या अंगणात लक्ष्मी आली ती 2014 साली, प्रो कबड्डी लीगच्या पावलांनी.

ती किती चंचल असते, हे चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईकडे पाहून कळते. 2018 च्या लिलावात यू मुंबा संघाने त्याला 36 लाख 40 हजारांना घेतले. पहिल्याच हंगामात या दांडग्या गड्याने चढायांत दोनशेहून अधिक गुण लुटले. 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख मोजले, आणि त्याने पुन्हा दोनशेचा आकडा ओलांडला. 2021 मध्ये भाव होता 1 कोटी 30 लाख. मग दुखापत आडवी आली आणि तीन सामन्यांतच हंगाम आटोपला. पुढल्या वर्षी त्याच संघाने त्याच गड्याला किती द्यावेत? 20 लाख! पठ्ठ्याने हिंमत सोडली नाही. 2023 मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याला 1 कोटीला घेतले. हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि 1 मार्च 2024 रोजी पुणेरी पलटणकडून 28-25 असा अवघ्या तीन गुणांनी हरला.

सराफकट्ट्यावर सोन्याचा भावही असा खालीवर होत नाही! कारण उघड आहे. लिलावात जिद्दीला बोली लागत नाही; बोली लागते ती गेल्या हंगामातल्या गुणांना आणि धडधाकट खांद्या-गुडघ्यांना. एका चढाईला 30 सेकंद मिळतात. साऱ्या कारकिर्दीला फार तर दहा-पंधरा वर्षे. तेवढ्यात जन्माची बेगमी करायची असते.

तेव्हा आपला चिरंजीव वा कन्यका कबड्डीचे नाव काढील, तर डोळे वटारू नका. मैदानावर खुशाल धाडा. मात्र पदवी, बचत आणि विमा यांची आठवण देत राहा. खेळून आता पोट भरते खरे. पण खेळ थांबला म्हणून भूक थांबत नाही!