वर्गांची उतरंड कशी मोजावी?

मुंबई-नाशिक रस्त्यावर मानकोली नाक्यावरून आत वळलात, की गोदामेच गोदामे लागतात. समजा, तिथल्या एखाद्या गोदामात कापड कुठे ठेवले आहे, असे तुम्ही यंत्राला विचारले. नोंदीत 'मांजरपाट' एवढेच लिहिलेले आहे. माणूस चटकन ओळखील. पण यंत्राला, बरे का, मांजरपाट हे सुती कापड, सुती कापड हे कापड आणि कापड हा माल, अशी पायरीपायरीने ओळख करून द्यावी लागते. महाजालावरील माहितीला अशी अर्थाची शिस्त लावण्याच्या खटाटोपाला सिमँटिक वेब म्हणतात, आणि ओळखीच्या या आराखड्याला स्कीमा. वर्गाखाली उपवर्ग, त्याखाली आणखी उपवर्ग, अशी ही उतरंड असते.

ती मोजायची कशी? नुसती वर्गांची संख्या सांगून भागत नाही. मांजरपाटापासून 'माल' या माथ्यापर्यंत तीन पायऱ्या, म्हणून खोली ३. कापडाची थेट लेकरे समजा तीन : सुती, रेशमी, लोकरी. त्यांतल्या एकट्या सुतीखाली मांजरपाट आणि मलमल ही आणखी दोन. म्हणजे कापडाची एकंदर संतती ५, सुतीची २, बाकी दोघांची शून्य. यंत्रमागांच्या भिवंडीत असे व्हायचेच. जिथे काम, तिथे विभागणी बारीक.

गंमत अशी, की जगभर हेच दिसते. ग्रीसमधील क्रीट बेटावरच्या संशोधकांनी प्रत्यक्ष वापरातल्या स्कीमा मोजल्या आणि निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध केले. पुष्कळ वर्ग असलेल्या बहुतेक स्कीमांत मूठभर वर्गांचा गोतावळा प्रचंड, बाकीच्यांखाली जेमतेम काही. या विषम वाटणीला गणितात घातनियम म्हणतात. 'कापड' विचारले, की यंत्राला त्याची सगळी संतती धुंडाळावी लागते. तेव्हा सारख्या फांद्यांच्या बनावट झाडावर यंत्राची परीक्षा घेतली, तर वेळेचा अंदाज फसतो.

मोजताना एक अडचण येते. एका वर्गाला दोन आईबाप असू शकतात. गूगल, बिंग आणि याहू यांनी २०११ साली मिळून सुरू केलेल्या 'स्कीमा डॉट ऑर्ग' या आराखड्यात 'स्थानिक व्यवसाय' हा वर्ग 'संस्था' आणि 'स्थळ' या दोहोंखाली आहे. माथ्यावरून संतती मोजताना नुसती बेरीज केलीत, तर तो दोनदा मोजला जातो.

याहून वाईट चूक आकड्यांत दिसतच नाही. यंत्रमाग हा मागाचा प्रकार. धोटा हा मागाचा भाग. धोट्याला मागाचा उपवर्ग केलेत, तर संतती वाढते, आराखडा भरगच्च दिसतो, आणि माग किती शिल्लक आहेत असे विचारणाऱ्या कारखानदाराला यंत्र धोटेही मोजून सांगते. अशा वेळी 'प्रत्येक धोटा हा माग असतो' असे मोठ्याने म्हणून पाहा. भिवंडीतले शेंबडे पोरसुद्धा हसेल.