गोळी गेल्यावर कामाला लागणारी स्प्रिंग

9 मिलिमीटर पिस्तुलाची गोळी जेमतेम 8 ग्रॅमची. ती सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने नळीबाहेर पडते, तेव्हा वरची पोलादी स्लाइड मागे निघालेली असते. पण किती आली असेल? स्लाइड आणि नळी मिळून साधारण अर्धा किलो, म्हणजे गोळीच्या साठपट वजन. गोळी नळीतले दहा सेंटिमीटर कापते, तेवढ्यात हे धूड सरकतं दीड-दोन मिलिमीटर. बस्स! एक मिलिसेकंदही उलटलेला नसतो. किती धक्का बसणार हे जवळपास ठरून गेलेलं असतं, आणि स्लाइडला अडवणारी स्प्रिंग अजून धड दबलेलीही नसते.

मग धक्का कमी करतात म्हणून अमेरिकेत ज्या स्प्रिंगा सुट्या विकल्या जातात, त्या करतात तरी काय? गोळी जेवढा संवेग पुढे घेऊन गेली, तेवढा मागे यायचाच. जळलेल्या दारूच्या वायूचा आणखी वेगळा. न्यूटनचा हा हिशेब कुठल्याच स्प्रिंगला चुकवता येत नाही. जाहिरातीत धक्का अमुक टक्के कमी होतो असं दिसलं, की ‘कशाचे टक्के?’ असं खुशाल विचारावं.

स्प्रिंग फक्त धक्का लांबवते. बांधकामावर खालून फेकलेली वीट झेलताना गडी हात किंचित मागे घेतो, तसंच. वीट तीच, पण तळव्याला झोंबत नाही.

आता जरा आकडे मांडू. स्लाइड सेकंदाला सहाएक मीटर वेगाने मागे येते. म्हणजे तिच्यात नऊ ज्यूलच्या आसपास ऊर्जा. चार सेंटिमीटरच्या प्रवासात नेहमीची स्प्रिंग त्यातले जेमतेम दोन ज्यूल पिते. उरलेल्यातला बराचसा भाग घेऊन स्लाइड शेवटी खालच्या सांगाड्यावर आदळते. हाताला जाणवणारा दणका बराचसा या आदळण्याचाच. एका दांड्यावर दोन-तीन स्प्रिंगा बसवण्याची युक्ती नेमकी इथे लागू पडते. पहिली सैल असते, ती स्लाइडला सुखाने मागे येऊ देते. आखूड, ताठ अशी शेवटची स्प्रिंग अखेरच्या काही मिलिमीटरमध्येच आडवी येते आणि दणका बोथट करते. ग्लॉक कंपनीने 2010 साली चौथ्या पिढीच्या पिस्तुलांत कारखान्यातूनच दुहेरी स्प्रिंग दिली.

मग सरसकट ताठ स्प्रिंगच का घालू नये? कारण दाबलेली स्प्रिंग तेवढ्याच जोराने स्लाइड पुढे फेकते, आणि ती बंद होताना नळीचं तोंड खाली झुकतं. फारच ताठ असेल, तर स्लाइड पुरती मागे येत नाही आणि रिकामं काडतूस अडकतं. म्हणूनच वेगाच्या स्पर्धांत उतरणारे बरेच नेमबाज चक्क मूळच्यापेक्षा हलकी स्प्रिंग घालतात. दणका थोडा वाढला तरी त्यांना चालतो. नेम धरायची पुढची माशी पुन्हा लक्ष्यावर किती लवकर स्थिरावते, एवढंच ते पाहतात.