कंबरदुखी आणि रोजची कवायत



आपल्या वयाची चार माणसे बाकावर बसली की गोष्ट कंबरेवर येतेच आणि "आता आराम करायचा" यावर संपते. दोन वर्षांपूर्वी मीही तेच केले. कंबर धरली म्हणून तीन आठवडे पडून राहिले. उठले तेव्हा दुखणे होतेच, शिवाय पायांतले बळ गेले होते. कुपात खोलीममधली फिजिओथेरपिस्ट मुलगी एकच शब्द म्हणाली, "तझूझी!" म्हणजे, हालचाल कर.

तिने कारणही सांगितले. मणक्यांच्या मधल्या चकत्यांना मोठेपणी रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. त्यांचे पोषण आजूबाजूने झिरपून होते आणि त्याला हालचालीची मदत होते. पडून राहिल्याने पाठीचे व पोटाचे स्नायू अशक्त होतात आणि कंबरेचा आधार जातो. जुन्या कंबरदुखीत दुखले म्हणजे दर वेळी काही मोडले, असे नसते.

दाविद बेन गुरियन यांनाही कंबरदुखी होती. ते मोशे फेल्डेनक्राइस यांच्याकडे शिकले आणि १९५७ साली, सत्तरीत, हर्झलियाच्या किनाऱ्यावर शीर्षासन करताना त्यांचा फोटो निघाला. आपण मात्र त्या वाटेला जायचे नाही! आपली कवायत सोपी आहे :

१. पाठीवर निजून गुडघे वाकवा. पोट आत घेऊन कंबर गादीला टेकवा. पाच अंक मोजून सोडा. दहा वेळा.

२. तसेच निजून, पायांवर जोर देत बैठक थोडी उचला व सावकाश खाली आणा. पाच वेळा. श्वास कोंडू नका.

३. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून उठा, बसा. पाच वेळा. लागला तर हाताचा आधार घ्या.

४. सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे चाला. दर आठवड्याला थोडे वाढवा. खामसीन असेल तेव्हा घरातल्या घरात चाला.

बिछान्यातून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटून बसा. व्यायामानंतर थोडे अवघडले तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच असेल तर संख्या निम्मी करा, पण कवायत सोडू नका. हाडे ठिसूळ असतील किंवा ऑपरेशन झाले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि हे विसरू नका : लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठा. पडल्यावर सुरू झालेले दुखणे, ताप, विनाकारण घटणारे वजन, हेही लगेच दाखवा.

लहानपणी शाळेत कवायतीचा तास चुकवायला मी पोटदुखीचे सोंग करीत असे. आता कोणी शिट्टी वाजवीत नाही, तरी सकाळी सहाला माझी कवायत सुरू होते. कंबर अजून कधीमधी दुखते. पण शुक्रवारी बाजाराची अगाला मी स्वतःच ओढत घरी आणते.

उद्यापासून नको, आजच खुर्चीवरून पाच वेळा उठून पाहा.