सिलोन ते सचिन : साठच्या दशकातलं गाणं

गणपतीच्या मिरवणुकीत डीजेवर अहिराणी गाणं लागलं की मंडळाच्या तरुणांचे पाय थांबत नाहीत आणि कडेला उभ्या असलेल्या आजोबांच्या कपाळावरची आठी हलत नाही. "ही काय गाणी? आमच्या वेळची गाणी ऐका!" हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकलेलं आहे. मित्रांनो, आजोबांशी वाद घालू नका. पण एक गोष्ट त्यांना जरूर विचारा : तुमच्या वेळच्या गाण्यांना तेव्हाचे मोठे लोक काय म्हणत होते?

कारण आज ज्या गाण्यांना आपण 'सुवर्णकाळ' म्हणतो, ती गाणी एकेकाळी सरकारी रेडिओवर लागत नव्हती. आणि ती बंद करणारा मंत्री मराठी होता.

बंदी आणि बुधवार

डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताचे ते मोठे चाहते. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि अनेक गवयांना, वादकांना रेडिओमुळे आधार मिळाला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण सिनेमाची गाणी त्यांना थिल्लर वाटत. पाश्चात्त्य वाद्यांची सरमिसळ त्यांना खटके. त्यांनी चित्रपटसंगीतावर बंधनं आणली, निर्मात्यांशी बिनसलं आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली.

पण लोकांनी ऐकणं सोडलं नाही. त्यांनी काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या फौजांसाठी कोलंबोत शक्तिशाली ट्रान्समीटर बसवले होते. युद्ध संपल्यावर ते रेडिओ सिलोनच्या हाती आले. त्यावरून शॉर्टवेव्हवर हिंदी गाणी अख्ख्या भारतात ऐकू येऊ लागली. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ तिच्या नावावर झाली. गाणी मुंबईत तयार होत, कोलंबोहून प्रसारित होत आणि शेवटी आपल्याच गल्लीत ऐकू येत! रेडिओ ठेवायला तेव्हा पोस्टातून परवाना घ्यावा लागे, त्यामुळे सगळ्या घरांत रेडिओ नसे. ज्याच्याकडे असे, त्याच्या ओट्यावर गर्दी जमे.

अखेर सरकारलाही हे दिसलं. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि सिनेमाची गाणी आकाशवाणीवर परत आली. तेवढ्यात बाजारात ट्रान्झिस्टर येऊ लागले. गाणं दिवाणखान्यातून उठून शेतात, पानाच्या टपरीवर, कापड कामगारांच्या खोलीत पोहोचलं.

तिकडे इंग्लंडमध्येही तेच

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. साठच्या दशकात लिव्हरपूलच्या चार पोरांनी, म्हणजे बीटल्सनी, जग डोक्यावर घेतलं होतं. पण त्यांच्याच देशात बीबीसीवर रेकॉर्ड किती वेळ वाजवायच्या यावर मर्यादा होती. वादकांच्या संघटनेला भीती होती की रेकॉर्ड वाजत राहिल्या तर जिवंत वादकांचं काम जाईल. मग १९६४ मध्ये काही लोकांनी किनाऱ्यापासून दूर, समुद्रात एक जहाज उभं केलं आणि तिथून गाणी लावायला सुरुवात केली. हे रेडिओ कॅरोलाइन. तरुण पोरं रात्री उशीखाली ट्रान्झिस्टर ठेवून ते ऐकत. १९६७ मध्ये सरकारने कायदा करून अशा जहाजांना बेकायदा ठरवलं, पण त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बीबीसीला स्वतःचं रेडिओ वन सुरू करावं लागलं.

तारखा पुन्हा बघा. आपली विविध भारती १९५७ ची, त्यांचं रेडिओ वन १९६७ चं. जी गोष्ट इंग्लंडला करायला लागली, ती आपण दहा वर्षं आधी करून बसलो होतो. त्यांचं जहाज होतं, आपलं बेट होतं, एवढाच फरक.

अमेरिकेत डेट्रॉइटला बेरी गॉर्डी नावाच्या, पूर्वी मोटार कारखान्यात काम केलेल्या माणसाने १९५९ मध्ये मोटाउनची सुरुवात केली आणि कृष्णवर्णीय गायकांची गाणी गोऱ्यांच्या घरांत पोहोचवली. ब्राझीलमधून बोसा नोव्हा जगभर गेला. १९६३ मध्ये क्यू साकामोतो या जपानी गायकाचं जपानी भाषेतलं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता. गाणं कळायला दर वेळी भाषा लागत नाही, हे त्या दशकाने सिद्ध केलं.

बंदीतून उगवलेलं भावगीत

केसकरांच्या धोरणाची एक चांगली बाजूही आपण मराठी लोकांनी विसरू नये. सिनेमाची गाणी नकोत, मग श्रोत्यांना द्यायचं काय? म्हणून आकाशवाणीच्या केंद्रांवर सुगम संगीताला बळ मिळालं. चांगल्या कवींच्या कविता, चांगले संगीतकार आणि रेडिओचा स्टुडिओ. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये गदिमा आणि सुधीर फडके यांचं ५६ गीतांचं 'गीतरामायण' वर्षभर चाललं, ते याच वातावरणात.

साठच्या दशकात हे झाड बहरलं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल आणि अरुण दाते यांचा आवाज, त्यातून 'शुक्रतारा' आलं. अरुण दाते इंदूरच्या मराठी घरातले. महाराष्ट्राबाहेर वाढलेले, शिक्षण वस्त्रोद्योग अभियांत्रिकीचं! सुरतेच्या आपल्या कापडवाल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावं : मराठी भावगीताचा एक सर्वांत लाडका आवाज महाराष्ट्राबाहेरच्या घरातून आणि कापडाच्या शिक्षणातून आला.

१९६० मध्ये मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली. त्या वेळी राजा बढे यांनी लिहिलेलं, खळ्यांनी स्वरबद्ध केलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं महाराष्ट्रगीत २०२३ मध्ये अधिकृत राज्यगीत झालं. लता मंगेशकरांनी 'आनंदघन' या टोपणनावाने 'साधी माणसं' (१९६५) सारख्या चित्रपटांना दिलेलं संगीत याच दशकातलं. जितेंद्र अभिषेकींनी 'मत्स्यगंधा' आणि 'कट्यार काळजात घुसली' या नाटकांतून नाट्यसंगीताला नवं रूप दिलं, तेही याच काळात.

सरमिसळ कोणी केली?

ज्या सरमिसळीवर टीका होत होती, ती करणाऱ्यांत आपली माणसं पुढे होती. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी 'आशा' (१९५७) मध्ये रॉक अँड रोलचा धमाल ठेका आणला. त्याच रामचंद्रांनी जानेवारी १९६३ मध्ये दिल्लीत लताबाईंच्या आवाजात हुतात्म्यांचं ते गाणं सादर केलं, जे आजही २६ जानेवारीला आपल्या डोळ्यांत पाणी आणतं. एकाच माणसाचे हे दोन्ही हात.

पडद्यामागे गोव्याचे वादक होते. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवत. ते शिकलेले अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे कलाकार मुंबईच्या स्टुडिओत आले. संगीतकार चाल गाऊन दाखवत, आणि शंभरेक वादकांनी कोणत्या क्षणी काय वाजवायचं ते हे लोक कागदावर उतरवत. पोस्टरवर त्यांचं नाव नसे. गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि पुढे 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे गुरूंचं नाव घरोघरी पोहोचलं.

या सगळ्याचा उलटा प्रवासही झाला. बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन १९६६ मध्ये पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला, आणि जानेवारी १९६८ मध्ये त्याने मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. त्याच वर्षी शंकर-जयकिशन यांनी सतारिये रईस खान यांच्यासह 'रागा जॅझ स्टाइल' ही तबकडी काढली.

आपली रेल्वेलाइन

आता घराजवळ येऊ. हे जयकिशन कुठले? वांसद्याचे, म्हणजे आपल्या शेजारच्या नवसारी जिल्ह्यातले. 'जंगली' (१९६१) मधली शम्मी कपूरची आरोळी आणि 'गुमनाम' (१९६५) मधलं मुखवटे घातलेल्या वाद्यवृंदाचं गाणं, दोन्ही शंकर-जयकिशन यांचीच. 'गुमनाम'चं गाणं २००१ मध्ये एका अमेरिकन चित्रपटाच्या सुरुवातीला वाजलं आणि तिकडची पोरं त्यावर नाचू लागली.

सचिनहून मुंबईची गाडी पकडा. नवसारी, बिलिमोरा गेलं की वलसाड येतं. जुनं नाव बलसाड, त्यावरून पारशी आडनाव बलसारा. झांझिबारला स्थायिक झालेल्या अशाच एका बलसारा कुटुंबाने आपला मुलगा फारुख याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं. तिथे त्याने मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारच्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढे हा मुलगा 'क्वीन'चा फ्रेडी मर्क्युरी झाला.

आणि खुद्द सचिन? हे सिद्दी नवाबांचं संस्थान १७९१ मध्ये स्थापन झालं, आणि त्या घराण्याचं मूळ आपल्या जंजिऱ्यात. १९३१ मध्ये 'आलम आरा' या पहिल्या बोलपटाने भारतात सिनेमाच्या गाण्याचा जन्म झाला. त्याची नायिका झुबेदा सचिनच्या नवाबाची कन्या म्हणून ओळखली जाते. आफ्रिकेतून जंजिरा, जंजिऱ्याहून सचिन. वलसाडहून झांझिबार, झांझिबारहून पाचगणी आणि लंडन. माणसं पोटासाठी, राज्यासाठी, जीव वाचवण्यासाठी निघाली आणि गाणं त्यांच्याबरोबर गेलं.

मग आपल्या घरात काय?

आपली घरंही अशीच निघालेली आहेत. कोणी जळगावहून, कोणी धुळे-नंदुरबारहून ताप्ती लाइनच्या गाडीने आलं आणि इथलंच झालं. आपली बरीच मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी पुस्तक हातात घेतलं की अडखळतात, पण मराठी गाणं मात्र तोंडपाठ म्हणतात. पुस्तकाआधी कानाने टिकवलेली भाषा आहे ही. म्हणून घरात कोणतं गाणं वाजतं, हा प्रश्न केवळ आवडीचा नाही.

अहिराणी गाण्याला नाकं मुरडणाऱ्या ज्येष्ठांना एवढंच सांगावंसं वाटतं की पूर्वी एका मराठी मंत्र्यानेही चांगल्या हेतूनेच काटछाट केली होती, आणि श्रोते काटा फिरवून सिलोनला गेले. आजची मुलं तर एका बोटात कुठेही जाऊ शकतात. गाणं बंद करण्यापेक्षा त्याच्या शेजारी आपलं गाणं लावावं.

आणि तरुणांना : ज्यांनी सिलोनचा खरखराट प्रत्यक्ष ऐकला, ती पिढी आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. या रविवारी फोन त्यांच्यासमोर ठेवा, रेकॉर्डिंगचं बटण दाबा आणि विचारा : पहिला रेडिओ कोणाच्या घरी होता? कोणतं गाणं ऐकल्याबद्दल ओरडा खाल्ला होता? ही उत्तरं कुठल्याही ॲपवर सापडणार नाहीत. ती मिळाली की आजोबांना तुमचं एक आवडतं गाणं ऐकवा. कपाळावर आठी आली तर हसून म्हणा, "आजोबा, केसकर साहेबांसारखं नका करू!"