बिल्डर ताबा देत नाही, ईएमआय मात्र चालूच. अशा वेळी कायदा तुम्हाला काय देतो?

समजा, तुम्ही पुण्यात किंवा ठाण्यात ६० लाखांचा फ्लॅट बुक केला. आयुष्यातलं पहिलंच घर. करारात लिहिलंय, डिसेंबरमध्ये ताबा. डिसेंबर येतो आणि जातो. साइट ऑफिसला विचारलं की उत्तर मिळतं, "गणपतीपर्यंत नक्की देतो." गणपती जातात, दिवाळी जाते. इकडे पाच तारखेला बँकेचा हप्ता कापला जातो आणि दहा तारखेला घरमालकाला भाडं द्यावं लागतं.

बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात, ती म्हणजे वाट बघणं. पण रेरा कायदा तुम्हाला फक्त वाट बघायला सांगत नाही. तो दोन पर्याय देतो आणि त्यातला कोणता निवडायचा हे बिल्डर नाही, तुम्ही ठरवता.

आधी बघा, तारीख कोणती?

सगळा खेळ एका तारखेचा आहे. ती ब्रोशरवरची नाही आणि सेल्सवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेली तर नाहीच. रजिस्टर झालेल्या करारात ताब्याची जी तारीख आहे, ती धरायची.

महारेराच्या वेबसाइटवर प्रकल्प पूर्ण होण्याची वेगळी तारीख दिसू शकते. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली असेल तर ती पुढे सरकलेली असते. पण म्हणून तुमच्या करारातली तारीख आपोआप बदलत नाही. रेरा येण्याआधी झालेल्या करारांबाबत हाच प्रश्न आला होता. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की, उशीर करारातल्या तारखेपासूनच मोजायचा.

म्हणूनच करार रजिस्टर होणं महत्त्वाचं. रेराच्या कलम १३ नुसार करार रजिस्टर केल्याशिवाय बिल्डर घराच्या किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

दोन पर्याय कोणते?

ते कलम १८ मध्ये आहेत.

पहिला, प्रकल्पातून बाहेर पडायचं. भरलेले सगळे पैसे व्याजासकट परत मागायचे.

दुसरा, घर सोडायचं नाही. ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं.

महाराष्ट्रात हा व्याजदर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर अधिक २ टक्के. आपण हिशोबापुरते १० टक्के धरू. तुम्ही आतापर्यंत ४८ लाख भरले असतील तर वर्षाचं व्याज ४ लाख ८० हजार, म्हणजे महिन्याला ४० हजार. दीड वर्ष उशीर झाला तर ७ लाख २० हजार. दर महिन्याला भाडं भरणाऱ्या घरासाठी ही रक्कम छोटी नाही.

मग निवडायचं काय? लिफ्ट आणि फिनिशिंगच बाकी असेल तर बरेच जण थांबून व्याज मागतात. काम तिसऱ्या मजल्यावर अडकलंय आणि साइटवर माणूसच दिसत नाही, तर बाहेर पडण्याचा विचार करावा. फक्त लक्षात ठेवा, पैसे परत आले तर त्यातून आधी बँकेचं कर्ज फिटणार. आणि बाहेर पडल्यावर त्याच भागात त्याच पैशांत दुसरं घर मिळेल का, हेही आधी तपासा.

बिल्डर म्हणतो, "आमचा दोष नाही, कोर्टाचा स्टे होता"

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात यावर स्पष्ट निकाल दिला. उशिरात घर घेणाऱ्याचा हात नसेल, तर कोर्टाच्या स्थगितीचं किंवा अचानक आलेल्या अडचणीचं कारण सांगून त्याचा रिफंडचा हक्क नाकारता येत नाही. रेरा हा केंद्राचा कायदा असल्याने हा निकाल महाराष्ट्रातही लागू होतो.

तक्रार कशी होते?

महारेराच्या वेबसाइटवर ऑनलाइन. फी ५ हजार रुपये. करार, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट आणि बिल्डरशी झालेले ईमेल जोडायचे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. कोर्टबाजी नकोच असेल तर महारेराचा सलोखा मंचही आहे. तिथे दोन्ही बाजूंना समोर बसवून तडजोडीचा प्रयत्न होतो.

कायदा म्हणतो, तक्रार शक्यतो ६० दिवसांत निकाली काढा. प्रत्यक्षात त्याहून जास्त वेळ लागू शकतो, तेव्हा त्या हिशोबानेच महिन्याचं बजेट ठरवा.

निकाल लागला, पण पैसे?

इथे बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो. महारेराचा आदेश हातात आला म्हणजे पैसे खात्यात आले असं नाही. बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर आदेश पाळला गेला नाही म्हणून पुन्हा महारेराकडे जावं लागतं. मग वसुली वॉरंट निघतं आणि ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. शेतसाऱ्याची थकबाकी जशी वसूल होते तशी ही वसुली होते, म्हणजे वेळ पडली तर मालमत्ता जप्त करून तिचा लिलावही होतो. त्यामुळे वॉरंट निघाल्यावरही तहसील कार्यालयात पाठपुरावा करावा लागतो.

यात एक दिलासा आहे. बिल्डरला अपील करायचं असेल, तर तुम्हाला द्यायची पूर्ण रक्कम व्याजासकट अपिलीय न्यायाधिकरणात आधी भरावी लागते. त्यामुळे नुसता वेळ काढायला अपील करणं त्याला परवडत नाही.

या तीन चुका टाळा

१. नव्या तारखेच्या पुरवणी करारावर न वाचता सही करू नका. सही केली की जुनी तारीख सोडल्यासारखं होतं. "माझी कोणतीही तक्रार नाही" अशा पत्रांचंही तेच.

२. चिडून स्वतःहून हप्ते थांबवू नका. करारानुसार देय असलेले पैसे उशिरा भरले तर त्याच दराने व्याज तुम्हालाही लागतं.

३. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी नसताना "फर्निचर तरी सुरू करा" म्हणून दिलेली चावी म्हणजे कायदेशीर ताबा नाही.

आज एकच काम करा. करार काढा, ताब्याची तारीख शोधा आणि त्याच पानावर किंवा पुढे मुदतवाढीची अट काय लिहिली आहे ते वाचा. तारीख उलटून गेली असेल, तर बिल्डरला फोन करू नका, ईमेल करा. फोनवर मिळालेल्या आश्वासनाचा पुरावा राहत नाही, ईमेलचा राहतो.