बाखने न लिहिलेला एक बार

पाश्चात्त्य अभिजात संगीताशी फारसा परिचय नसलेल्यांच्या कानांवरूनही ‘आवे मारिया’ची एक संथ, प्रार्थनेसारखी सुरावट कधी ना कधी गेलेली असते. फ्रेंच संगीतकार शार्ल गुनो याने १८५३ मध्ये योहान सेबास्टियन बाखच्या एका रचनेचा आधार घेऊन तिच्यावर ही सुरावट बेतली. ‘आवे मारिया’चे शब्द तिला १८५९ मध्ये जोडले गेले. आधाराला घेतलेली रचना म्हणजे ‘वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए’ या बाखच्या संग्रहातील पहिला प्रिल्यूड. या संग्रहाची बाखच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील १७२२ ची प्रत सुदैवाने टिकून आहे. त्या प्रतीत हा प्रिल्यूड पस्तीस बारांचा आहे. (बार म्हणजे तालाच्या आवर्तनाशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा, ठरावीक मात्रांचा खंड.) गुनोने वापरलेल्या पाठात मात्र छत्तीस बार होते.

हा जादा बार आला कोठून? हॅम्बुर्गचा संगीतकार श्वेंके याच्या १७८३ च्या हस्तलिखित प्रतीत तो आढळतो. बाविसाव्या आणि तेविसाव्या बारांच्या मध्ये खर्जातील स्वरांची वाटचाल कोणाला तरी अवघड, कदाचित चुकीची वाटली असावी आणि ती सुकर करण्यासाठी एक बार घातला गेला असावा. पुढे तो छापील पुस्तकांत शिरला. बेथोव्हनचा शिष्य कार्ल चेर्नी याने १८३७ मध्ये सिद्ध केलेल्या, अत्यंत लोकप्रिय झालेल्या आवृत्तीतही तो होता. परिणामी पियानोवादकांच्या कित्येक पिढ्या बाखने न लिहिलेला बार बाखचा म्हणून वाजवीत राहिल्या.

अशा गोष्टी शोधून काढणे आणि त्या वादकासमोर उघडपणे मांडणे, हे अभिजात वाद्यसंगीताच्या नव्या, संशोधनाधिष्ठित स्वरलिपी-आवृत्त्यांचे काम आहे. वरवर पाहता हा मूठभर विद्वानांचा विषय वाटतो. प्रत्यक्षात आपण जे ऐकतो ते संगीतकाराचे की मधल्या कोणाचे, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

आपल्या संगीतपरंपरेत वाढलेल्या रसिकाला या खटाटोपाचे प्रयोजन चटकन जाणवत नाही. आपल्याकडे बंदिश गुरुमुखातून येते. पंडित भातखंडे यांनी शेकडो बंदिशी स्वरलिपीबद्ध करून ठेवल्या हे त्यांचे ऋण मोठेच. पण त्या स्वरलिपीला कोणी संपूर्ण गायन समजत नाही. तो सांगाडा असतो आणि त्यात प्राण भरणे हे गायकाचे काम असते. युरोपीय वाद्यसंगीतात रचनाकाराने स्वर, लय, जोर, विराम असा बहुतेक तपशील कागदावर नोंदवलेला असतो. त्याच्या पश्चात तो कागदच वादकाचा गुरू ठरतो. साहजिकच कागदावरील चूक ही पिढ्यानपिढ्यांची चूक होऊन बसते.

एकोणिसाव्या शतकात छापील संगीताची बाजारपेठ वाढली, तेव्हा प्रकाशकांनी नामवंत वादकांकडून आवृत्त्या तयार करून घेतल्या. हान्स फॉन ब्यूलोसारख्या वादकांनी बेथोव्हनच्या सोनाटांत स्वतःच्या वादनानुभवावरून लय, जोर आणि जोडखुणांच्या सूचना घातल्या. त्यांचा हेतू शिकणाऱ्याला मदत करण्याचाच होता. अडचण अशी, की अशा आवृत्त्यांतून संगीतकाराची खूण कोणती आणि संपादकाची कोणती, हे वाचणाऱ्याला नेहमी ओळखता येत नसे. या गोंधळाला उत्तर म्हणून १८९० च्या दशकात बर्लिनच्या राजकीय कला अकादमीच्या आश्रयाने ‘उरटेक्स्ट’, म्हणजे मूळ पाठ, या नावाने एक माला निघाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या विचाराने जोर धरला. उद्योगपती आणि हौशी पियानोवादक ग्युंटर हेन्ले यांनी १९४८ मध्ये केवळ अशा आवृत्त्यांसाठी प्रकाशनसंस्था काढली. १९५० च्या दशकात बाख आणि मोझार्ट यांच्या समग्र साहित्याच्या नव्या आवृत्त्यांचे काम सुरू झाले. त्या दोन्ही २००७ मध्ये पूर्ण झाल्या.

या कामाची रीत मराठी वाचकाला सर्वस्वी अनोळखी नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती याच जातीची. तिचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांचे शिक्षण बर्लिनमध्ये झाले होते आणि पाठचिकित्सेच्या ज्या जर्मन परंपरेचा त्यांनी कुशलतेने उपयोग केला, त्याच परंपरेतून संगीताच्या या आवृत्त्याही घडल्या. उपलब्ध साधने गोळा करायची, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरवली हे ठरवून त्यांची वंशावळ लावायची, पाठभेद नोंदवायचे, आणि कोणता पाठ का स्वीकारला याचा हिशेब शेवटी द्यायचा. संगीतात ही साधने म्हणजे रचनाकाराचे हस्तलिखित, लेखनिकाने केलेली नक्कल, तपासलेली मुद्रिते, पहिली छापील आवृत्ती, प्रकाशकाला लिहिलेली पत्रे आणि शिष्यांच्या प्रतींवरील नोंदी.

पत्रांचे महत्त्व बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवरून लक्षात येते. या सिंफनीचा पहिला प्रयोग डिसेंबर १८०८ मध्ये व्हिएन्नात झाला आणि पुढच्या वर्षी लाइपझिगच्या ब्राइटकोप्फ उंड हेर्टेल या प्रकाशकाने वादकांसाठी तिची स्वरलिपी छापली. २१ ऑगस्ट १८१० च्या पत्रात बेथोव्हनने प्रकाशकाला कळवले, की तिसऱ्या भागात दोन बार जास्तीचे पडले आहेत. हा भाग पुनरावृत्तीसह वाजवावा असे त्याच्या मनात आधी होते. त्यासाठी पहिल्या आणि दुसऱ्या फेरीचे शेवट वेगवेगळे लिहिलेले होते. छपाईत ते दोन्ही एकापुढे एक राहून गेले. पत्राकडे दुर्लक्ष झाले. १८२६ मध्ये संपूर्ण स्वरलिपी छापली गेली, तीतही ते दोन बार तसेच राहिले. १८४६ मध्ये मेंडेलसोनच्या पुढाकाराने हे प्रकरण चव्हाट्यावर आले आणि चूक मान्य झाली. तोवर बेथोव्हनच्या मृत्यूला एकोणीस वर्षे उलटली होती.

एवढ्यावर वाद मिटला नाही. पुनरावृत्तीचा बेत बेथोव्हनने खरोखरच सोडून दिला होता की तीही छपाईच्या घोळात हरवली? १९७० च्या दशकात पेटर ग्युल्के यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत पुनरावृत्ती परत आणली. जोनाथन डेल मार यांनी १९९६ ते २००० या काळात बेरेनरायटरसाठी नऊही सिंफनींच्या आवृत्त्या नव्याने संपादित केल्या, त्यांत ती नाही. एकाच सामग्रीवरून दोन जाणत्या संपादकांचे निष्कर्ष भिन्न निघाले. दोघांनीही आपली कारणे मांडलेली असल्याने वाद्यवृंद-संचालकाला निवड करता येते.

मूळ हस्तलिखितच नसेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. एकट्या चेलोसाठी बाखने रचलेल्या सहा सुइट्स आज या वाद्याचा धर्मग्रंथ मानल्या जातात. पण बाखच्या हस्ताक्षरातील त्यांची प्रत नष्ट झाली आहे. उरल्या त्या चार हस्तलिखित नकला. योहान पेटर केल्नर या ऑर्गनवादकाची १७२६ ची, बाखची पत्नी आना माग्दालेना हिची त्यानंतर थोड्या वर्षांतील, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील दोन. पहिली छापील आवृत्ती पॅरिसला निघाली ती १८२४ मध्ये, बाखच्या मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी. या साधनांत स्वरांबाबत बरेचसे एकमत आहे. मतभेद आहे तो स्वरांवरील जोडरेघांबाबत, म्हणजे गजाच्या एका ओढीत किती स्वर घ्यायचे याबाबत. चेलोवर रचनेचा श्वास त्यावरच ठरतो.

येथे संशोधकांनी एक मार्मिक पडताळणी केली आहे. एकट्या व्हायोलिनसाठी बाखने लिहिलेल्या रचनांची त्याची स्वतःची १७२० ची प्रत उपलब्ध आहे, आणि आना माग्दालेनाने केलेली तिची नक्कलही. दोन्ही शेजारी ठेवल्या की दिसते, ती स्वर काळजीपूर्वक उतरवते; जोडरेघा मात्र कोठे सुरू होऊन कोठे संपतात याबाबत ती तितकी काटेकोर नाही. म्हणजे चेलोच्या प्रतीतील तिच्या स्वरांवर विसंबता येते, रेघांवर तेवढे नाही. बेरेनरायटरने २००० मध्ये या सुइट्सची जी आवृत्ती काढली, तीत स्वरलिपी आणि टीपांबरोबर चारही हस्तलिखिते व पहिली छापील आवृत्ती यांच्या हुबेहूब प्रतिकृती दिल्या. संपादकांनी पुरावाच वादकाच्या हाती ठेवला.

शोपांच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. तेथे ‘मूळ’ एक नाही, अनेक आहेत. आंतरराष्ट्रीय लेखाधिकार कायदा नसल्याने तो आपल्या रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथे जवळपास एकाच वेळी छापून घेई. तिन्हीकडे गेलेल्या प्रती तंतोतंत सारख्या नसत. पॅरिसच्या मुद्रितांत तो आयत्या वेळी बदल करी. पुढे शिष्यांच्या पुस्तकांत पेन्सिलीने आणखी काही फेरफार करी. यांतील ‘अंतिम’ कोणता म्हणायचा? पोलंडचे पियानोवादक यान एकिएर यांनी सुमारे अर्धशतक खपून शोपांची राष्ट्रीय आवृत्ती २०१० मध्ये पूर्ण केली. शोपांने स्वतः मान्य केलेले पर्यायी पाठ त्यांनी गाळून टाकले नाहीत. तेही वादकाला उपलब्ध करून दिले.

आणि काम संपले असे वाटत असताना नवा पुरावाही हाती येतो. ‘तुर्की मार्च’मुळे जगप्रसिद्ध असलेल्या मोझार्टच्या ए मेजर सोनाटाच्या हस्तलिखिताचे फक्त शेवटचे पान ज्ञात होते. बाकीचा पाठ मुख्यतः १७८४ च्या पहिल्या छापील आवृत्तीवरून घेतला जाई. २०१४ मध्ये बुडापेस्टच्या सेचेनी राष्ट्रीय ग्रंथालयात अज्ञात हस्तलिखितांचे गठ्ठे तपासताना ग्रंथालयातील संशोधक बालाझ मिकुशी यांना मोझार्टच्या हस्ताक्षरातील चार पाने सापडली. पहिल्या आणि दुसऱ्या भागांतील मोठा मजकूर त्यांत होता. काही स्वर, लयीचे काही तपशील आणि अनेक खुणा छापील पाठाहून वेगळ्या निघाल्या. लहान मुलेही शिकतात त्या सोनाटाच्या आवृत्त्या प्रकाशकांना पुन्हा सुधाराव्या लागल्या.

तरीही काही प्रश्न सुटत नाहीत, आणि ते न सुटल्याचे सांगणे हाही संपादकाचा धर्म आहे. बेथोव्हनच्या ‘हामरक्लाव्हिए’ सोनाटाच्या पहिल्या भागात मुख्य कल्पना परतण्याच्या जरा आधी छापील पाठानुसार ‘ए शार्प’ हा स्वर येतो. अनेक जाणकारांच्या मते बेथोव्हन तेथे एक खूण घालायला विसरला आणि त्याला साधा ‘ए’ अभिप्रेत होता. फरक अर्ध्या स्वराचा. पण त्या जागेची सारी कलाटणी त्यावर अवलंबून आहे. हस्तलिखित उपलब्ध नाही. प्रामाणिक संपादक साधनातील पाठ छापतो आणि तळटीपेत दुसरी शक्यता नोंदवतो. निर्णय पियानोसमोर बसलेल्याने घ्यायचा.

म्हणूनच ‘उरटेक्स्ट’ या शब्दाला भुलून चालणार नाही. मुखपृष्ठावर तो छापला म्हणजे आतला पाठ निर्दोष झाला असे नव्हे. चांगल्या आवृत्तीतही बोटांचे क्रमांक बहुधा आजच्या एखाद्या वादकाने सुचवलेले असतात. उलट चेर्नी किंवा ब्यूलो यांची जुनी पुस्तके टाकाऊही ठरत नाहीत. एकोणिसाव्या शतकात हे संगीत कसे वाजवले जाई, याचा तो बहुमोल दस्तऐवज आहे. त्यांना संगीतकाराचा शब्द मानू नये, इतकेच.

मुंबई, पुणे, गोव्यात पियानो किंवा व्हायोलिन शिकणाऱ्यांपुढे हा प्रश्न पैशाच्या रूपाने उभा राहतो. नव्या आवृत्त्यांमागे वर्षानुवर्षांचे संशोधन असते आणि त्या महाग पडतात. जर्मन कायदा अशा शास्त्रीय आवृत्तीला प्रकाशनापासून पंचवीस वर्षे संरक्षण देतो. त्यामुळे इंटरनेटवर विनामूल्य मिळणाऱ्या स्वरलिपींत जुन्या आवृत्त्यांचाच भरणा अधिक. मोझार्टची नवी समग्र आवृत्ती मात्र साल्झबर्गच्या मोझार्टेउम प्रतिष्ठानने डिसेंबर २००६ पासून इंटरनेटवर सर्वांना खुली केली आहे. अनेक ग्रंथालयांनी मूळ हस्तलिखितांची छायाचित्रेही वाचकांसाठी ठेवली आहेत.

पुस्तक घेताना, किंवा फुकट उतरवून घेताना, काही गोष्टी पाहाव्यात. संपादकाचे नाव आणि आवृत्तीचे वर्ष दिले आहे का? पाठ कोणत्या साधनांवरून सिद्ध केला हे प्रस्तावनेत सांगितले आहे का? संपादकाने घातलेल्या खुणा कंसात, लहान अक्षरांत किंवा तुटक रेघांनी वेगळ्या दाखवल्या आहेत का? शेवटी पाठभेदांची यादी आहे का? ही चार उत्तरे होकारार्थी असतील तर ते पुस्तक विश्वासाने पियानोवर मांडावे. नसतील, आणि परवडणारे पुस्तक तेवढेच असेल, तर निदान एखाद्या खुल्या आवृत्तीशी ते ताडून पाहावे आणि फरक दिसेल तेथे शिक्षकांना विचारावे. हे स्वर कोणाचे, हा प्रश्न विचारण्याची सवय पहिल्या धड्यापासून लागली तर बरे.