सॅलमिसची वल्ही आणि नाशिकचा यवन

प्राचीन ग्रीस म्हटले की संगमरवरी स्तंभ आणि चर्चेत गढलेले तत्त्वज्ञ डोळ्यांसमोर उभे राहतात. या वैभवाच्या मुळाशी घामाने निथळणारे वल्हेकरी होते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

इ. स. पू. ४८३ च्या सुमारास अथेन्सजवळच्या लॉरिऑन येथील खाणींत चांदीचा मोठा साठा हाती लागला. ही चांदी नागरिकांत वाटून टाकावी, असा विचार होता. थेमिस्टोक्लीझने तो मोडून काढला व त्या पैशातून युद्धनौका बांधण्यास लोकसभेला राजी केले. तीनच वर्षांनी इराणचा सम्राट झर्क्सीझ चालून आला, तेव्हा सॅलमिसच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत त्याचे प्रचंड आरमार ग्रीकांच्या कोंडीत सापडले. ग्रीकांच्या एकेका नौकेवर सुमारे १७० वल्हेकरी असत. चिलखत आणि ढाल विकत घेण्याची ऐपत नसलेले, जमीनजुमला नसलेले असे अथेन्सचे अनेक नागरिक त्यांत होते. ज्यांच्या दंडांवर नगरराज्य वाचले, त्यांना राज्यकारभारापासून दूर ठेवणे पुढे अवघड झाले. इ. स. पू. ४६२ मध्ये एफिअल्टीझने सरदारमंडळाचे बहुतेक अधिकार काढून घेतले. नंतर पेरिक्लीझने न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकांना भत्ता सुरू केला. लोकशाहीचा विचार येथे ग्रंथातून नव्हे, नौकेच्या बाकावरून पुढे सरकला, असे म्हणावेसे वाटते. अर्थात स्त्रिया, परदेशी रहिवासी व गुलाम यांना त्यात स्थान नव्हते, आणि लॉरिऑनची चांदी गुलामच खणीत होते.

याच आरमाराने अथेन्सला साम्राज्याची चटक लावली. मित्रराज्यांचा संयुक्त खजिना इ. स. पू. ४५४ मध्ये अथेन्सला हलविण्यात आला. इ. स. पू. ४१६ मध्ये मेलॉस या लहानशा बेटाने शरण येण्यास नकार दिला, तेव्हा तेथील पुरुषांची कत्तल झाली. बायकामुले गुलाम म्हणून विकली गेली. थ्युसिडिडीझ या अथेन्सच्याच सेनानीने हे सारे निर्विकारपणे लिहून ठेवले. स्पार्टाबरोबरचे युद्ध इ. स. पू. ४०४ मध्ये अथेन्सच्या पराभवाने संपले आणि पाचच वर्षांत त्याच लोकशाहीच्या न्यायसभेने सॉक्रेटिसला विषाचा पेला दिला.

ग्रीक विचार दूरवर नेला तो अलेक्झांडरच्या फौजांनी व त्यांच्यामागून आलेल्या वसाहतकारांनी. अफगाणिस्तानात अमुदर्याच्या काठी ऐ-खानूम येथे १९६० आणि १९७० च्या दशकांत फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी एक अख्खे ग्रीक नगर उजेडात आणले. तेथे नाट्यगृह होते, व्यायामशाळा होती. क्लिअर्कस नावाच्या एका गृहस्थाने डेल्फीच्या मंदिरातील नीतिवचने काळजीपूर्वक उतरवून घेऊन हजारो मैलांवरच्या या नगरात दगडावर कोरविली होती! मात्र तेथील मुख्य मंदिराची बांधणी मेसोपोटेमियाच्या धाटणीची आहे. आणि अगाथोक्लीझ या ग्रीक राजाची जी नाणी तेथे सापडली, त्यांवर वासुदेव व संकर्षण आहेत, एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस ब्राह्मी लेखासह. तेव्हा हा प्रसार एकमार्गी नव्हता. १९५८ मध्ये कंदाहारला सापडलेल्या लेखात तर सम्राट अशोकच ग्रीक भाषेत बोलतो. ‘धम्म’ या शब्दासाठी त्यात ‘युसेबिया’, म्हणजे श्रद्धाशील सदाचरण, हा ग्रीक शब्द योजलेला आहे.

या देवाणघेवाणीची एक खूण आपल्या नाशिकलाही आहे. पुढे ‘यवन’ हा शब्द सैलपणे कोणाही पाश्चिमात्याला लावला जाऊ लागला, हे खरे. पण पांडवलेण्यांतील सतराव्या लेण्याचा दाता स्वतःला उत्तरेकडील दत्तामित्रीचा ‘योणक’ म्हणवितो. त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धम्मदेव, मुलाचे धम्मरक्षित. आईवडिलांप्रीत्यर्थ हे लेणे, आतील चैत्य आणि पाण्याची टाकी खोदवून त्याने ती भिक्षुसंघाला अर्पण केली.